भिंतीकडे तोंड करून ऐकणारे सर

अप्पा सर, परवा तुम्ही पहिल्यांदा आमच्या सगळ्यांकडे तोंड करून बसला होतात.

पिंगळीच्या तुमच्या घरासमोर, ओट्यावर. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात हार, मांडीवर बेलाची पानं. तुमच्या समाजाच्या रीतीप्रमाणं तुम्हाला बसवूनच न्यायचं होतं आणि बसवूनच मातीत ठेवायचं होतं. मला ते ठाऊक होतं. तरी गल्लीच्या तोंडाशी आले, तुम्हाला तसं समोरासमोर बसलेलं बघितलं आणि पाय थबकले. नऊ वर्षांची आपली ओळख. त्यातला निम्मा वेळ मी तुमच्या पाठीशीच बोलले असेन. तुमच्या मानेवरचा तीळ, कॉलरची विटलेली शिवण, उजव्या कानावर खोचलेली पेन्सिल, हे सगळं मला तुमच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीचं आहे.

बायका रडत होत्या. मला रडू आलं नाही. खरं सांगू का, मला तुमचा राग आला होता. भांडण अर्धवट टाकून माणूस असा निघून जातो का? मागच्या महिन्यात मी तुम्हाला एक वाक्य बोलून गेले होते. त्याला तुम्ही उत्तर दिलं नव्हतं. मी आपली समजूत घातली होती की सर विचार करत असतील, पुढच्या शनिवारी मला चांगलं झोडून काढतील. तो शनिवार काही आला नाही.

आता तुम्हालाच तुमची गोष्ट काय सांगायची. पण सांगितल्याशिवाय मला त्या वाक्यापर्यंत जाता येणार नाही, म्हणून सांगते.

आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, प्राथमिक शाळांची इंग्रजीची चाचणी तुमच्याकडे होती. उच्चार, वाचन, लेखन आणि जरासं व्याकरण. तुम्ही यायचात, पाणी प्यायचात आणि खुर्ची मागायचात. खुर्ची आली की ती भिंतीकडं फिरवायचात आणि वर्गाकडं पाठ करून बसायचात. लेकरू तुमच्या मागं उभं राहून वाचायचं. आमचे हेडमास्तर पहिल्या दिवशी गोंधळले होते. म्हणाले, "सर, पोरगं तर इकडं हाय." तुम्ही मागं न बघताच म्हणालात, "आवाज तर इकडं यायलाय की."

नंतर चहा पिताना तुम्ही कारण सांगितलंत. तोंड दिसलं की मार्क हलतात म्हणालात. सरपंचाचं लेकरू असलं की वर जातात, शेंबडं असलं की खाली येतात. "कानाला कपडे दिसत न्हाईत, बाई." लेखनाचे कागद तपासतानाही तुम्ही वरचं नाव दुमडून त्याला टाचणी लावायचात. आणि तुमच्या वहीत 'नापास' हा शब्दच नव्हता. ज्याला जमलं नाही त्याच्यापुढं तुम्ही पेन्सिलीनं दोनच शब्द लिहायचात, 'पुन्हा ऐकू'. आणि खरंच यायचात ऐकायला.

पोखर्णीच्या पुढं जिथं रस्ता आत वळतो, तिथली आमची शाळा. चौथीचा वर्ग माझा. त्या दिवशी मी अगदी निर्धास्त होते. माझी लेकरं इंग्रजीचा धडा घडाघडा म्हणायची, गॅदरिंगला पाहुणे तोंडात बोट घालायचे. पहिलं लेकरू उभं राहिलं, वाचलं. दुसरं, तिसरं. तुमची पेन्सिल हलत होती. अकरावं लेकरू वाचून बसलं आणि तुम्ही हात वर केलात. खुर्ची फिरवली आणि माझ्याकडं बघितलंत.

"बाई, लेकरं वाचायलेत का म्हणायलेत?"

"वाचायलेत की सर."

"मग समदी एकाच जागी श्वास का घ्यायलेत? वाक्य तिथं संपत न्हाई."

तुम्ही शांतपणे वही मागितलीत. माझी ती वही. प्रत्येक धड्यासाठी मी इंग्रजी ओळ उतरवायची आणि तिच्याखाली गाईडातला उच्चार मराठी अक्षरांत लिहायची. खालची ओळ मी मोठ्यानं म्हणायची, लेकरं माझ्यामागून म्हणायची. वहीचं पान अरुंद. वाक्य संपायच्या आधी कागद संपायचा, उरलेले दोन शब्द खाली जायचे. कागद संपला की मी थांबायची, म्हणून सव्वीस लेकरं तिथंच थांबायची. हातात पुस्तक, पण पुस्तकाकडं कुणी बघतच नव्हतं. भिंतीकडं तोंड करून बसलेल्या माणसानं अकरा लेकरांच्या श्वासावरून माझी वही वाचून काढली होती.

तुम्ही वही मिटली. "अक्षर चांगलं हाय," एवढंच म्हणालात. लेकरांना खिचडीसाठी बाहेर सोडलंत आणि खिशातून तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्यांसोबत आलेला घडीचा कागद काढलात. "हे जरा वाचून दाखवा. मला बारीक दिसत न्हाई."

सगळा कागद इंग्रजीत. मी तो हातात धरला, वर-खाली केला आणि म्हणाले, "सर, चष्मा घरी राहिला."

मला तेव्हा चष्मा नव्हताच. माझ्या नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचा साधा वणही नव्हता. तुम्ही तिथं बघितलंत, मी बघताना बघितलं. कागदाची घडी करून खिशात ठेवलीत. "मग शनिवारी शाळा सुटली की पिंगळी स्टेशनवर या. चष्मा घेऊन या."

आज पहिल्यांदा हे लिहून ठेवते. मला इंग्रजी वाचता येत नव्हतं. अक्षरं यायची, रोजचे शब्द यायचे. पण कधी न बघितलेला उतारा समोर आला की मला दरदरून घाम फुटायचा. दहावी घोकून काढली, बारावी घोकून काढली, डी.एड. तसंच. निबंधसुद्धा घोकलेले. माझ्या सगळ्या शिक्षणात मला न घोकलेलं कुणी काही विचारलंच नाही. मग मी बाई झाले, आणि तेच सव्वीस लेकरांच्या गळ्यात उतरवू लागले.

तुम्ही चाचणीच्या कागदावर काय लिहिलं असेल या विचारानं तो आठवडा मला अन्न गोड लागलं नाही. कागद आला. सव्वीसच्या सव्वीस नावांपुढं 'पुन्हा ऐकू'. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. हेडमास्तर भडकले, अख्खा वर्ग कसा काय राहतो म्हणाले. मी घरी येऊन तुम्हाला तोंडाला येईल ते बोलले, मनातल्या मनात. आणि शनिवारी मुकाट्यानं पिंगळीला आले.

स्टेशन का, ते मला नंतर कळलं. तुमच्या घरी चार माणसं असायची, माझ्या घरी सासर. शाळेत तर विचारूच नका. स्टेशनवर हातात कागद घेऊन बसलेल्या बाईला कुणी काही विचारत नाही. फलाटाच्या टोकाला लिंबाचा पार आहे, तुम्ही त्याच्या पलीकडच्या बाजूला रुळांकडं तोंड करून बसायचात, मी अलीकडं. मधे झाडाचं खोड. येणाजाणाऱ्याला वाटावं, दोन अनोळखी माणसं आपापल्या गाडीची वाट बघायलेत. काकूंना, तुमच्या पत्नीला, शनिवारचं ठाऊक होतं. त्या तुमच्याजवळ दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून द्यायच्या, मोजून दोघांपुरती.

तुमची रीत लय विचित्र होती. उतारा शेवटच्या ओळीपासून वाचायचा. मग तिच्या वरची ओळ, मग तिच्या वरची. "वरून खाली आलात की डोकं अंदाज बांधतं, जिभेला काम उरत न्हाई," म्हणायचात. मी चिडायची. गोष्टीचा शेवट आधीच कळाला तर वाचायचं कशासाठी, असं भांडायची. तुम्ही म्हणायचात, शेवट समद्यांचा ठरलेलाच असतो बाई, मधलं वाचायचं असतं. तेव्हा मला वाटायचं, म्हातारा काहीतरी मोठं बोलल्याचा आव आणतोय.

लिहायलाही लावायचात. दर शनिवारी दहा ओळी, स्वतःच्या घरातल्या. पहिल्यांदा मी गाईडातली गाय लिहून आणली. तुम्ही विचारलंत, तुमच्या घरी गाय हाय का? मी म्हटलं, नाही. "मग ही कुणाची सोडून आणली?" मला हसू आवरेना. दुसऱ्या शनिवारी मी सासूबाईंच्या गुडघेदुखीवर लिहिलं. दहा ओळींत चौदा चुका निघाल्या, पण तुम्ही खूश होतात. म्हणालात, चुका तुमच्या हायेत, लय झालं.

दोन वर्षं गेली. दर शनिवारी निघताना तुमचा एकच प्रश्न, "सापडला का चष्मा?" मी म्हणायची, "शोधायलेय सर." आपल्या दोघांखेरीज जगात कुणाला त्याचा अर्थ ठाऊक नव्हता.

मग एक दिवस तुम्ही झाडाआडून कागद पुढं केलात. तोच गोळ्यांबरोबरचा घडीचा कागद, म्हणजे तसलाच दुसरा. मी वाचला. अडखळत वाचला, मोठे मोठे शब्द फोडून वाचला, पण सगळा वाचला. गोळी जेवणानंतर घ्यावी, चक्कर आली तर बसून राहावं, इतकं साधं होतं ते. वाचून झालं तरी पलीकडून आवाज येईना. मालगाडी गेली. मग तुम्ही म्हणालात, "सापडला बाई चष्मा."

तेव्हा तुम्ही वळून बघावं असं मला फार वाटलं होतं. तुम्ही वळला नाहीत. दशमीचा डबा तेवढा झाडाआडून पुढं सरकवलात. मी मनात म्हटलं, काय दगडाचं काळीज आहे.

त्यानंतर सात वर्षं मी खरं इंग्रजी शिकवलं, तुमच्यामुळं. वही बंबात घातली. शनिवारी पारावर यायचं मात्र सुटलं नाही. तुम्ही निवृत्त झालात तरी माझ्या वर्गाची चाचणी मी तुमच्याकडूनच घ्यायची, बोलावून आणायची. दुसऱ्या कुणाच्या कानावर माझा भरवसा नव्हता.

आणि या वर्षी माझ्या वर्गात रेणुका आली.

जुलैतल्या चाचणीला ती तुमच्या मागं उभी राहिली. पुस्तक हातात. एक मिनिट गेलं, दोन गेली. वर्ग हसायला लागला, मी डोळे वटारले. तुम्ही हललाही नाहीत. बऱ्याच वेळानं म्हणालात, "बस बेटा. पुन्हा ऐकू." बाहेर आल्यावर मला म्हणालात, "त्या लेकराला येतंय. श्वास घेते आन सोडून देते. तिला वाटतं समद्या दुनियेत तिला एकटीलाच येईना."

"मग काय करायचं सर?"

"तुमी तिला सांगा. समद्या वर्गाला सांगा. मला पण येत नव्हतं म्हणून सांगा."

मी हसण्यावारी नेलं. तुम्ही नेऊ दिलं नाहीत. दर शनिवारी आता चष्म्याच्या जागी नवा प्रश्न आला, "सांगितलं का?" मी कारणं द्यायची. तपासणी आहे, सुट्ट्या आहेत, सोयाबीनच्या काढणीमुळं लेकरं येत नाहीत. शेवटी सरळ म्हणाले, सर, गाव लहान आहे. उद्या पारावर चर्चा होईल की बाईलाच येत नव्हतं. पालक विचारतील, आमच्या मोठ्या पोराला हिनं काय शिकवलं? आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. त्या सव्वीस जणांचं काय झालं, कुणी पुढं शिकलं, कुणी इंग्रजीतच अडकलं, हे मी कधी धीर करून विचारलंच नाही. तुम्ही म्हणालात, "ते सव्वीस तुमाला माफ करतील का न्हाई, मला ठाऊक न्हाई. ही एक तर समोर हाय."

मागच्या महिन्यात तुम्ही दवाखान्यातून घरी आलात, मी भेटायला आले. खाटेवर भिंतीकडं कूस करून पडला होतात, सवयच तुमची. मी तब्येत विचारायच्या आधी तुम्ही विचारलंत, "सांगितलं का?"

मला काय झालं कोण जाणे. मी म्हणाले, "तुमचं सोपं आहे सर. तुम्हाला तोंड फिरवून बसायची सोय आहे. मला लेकरांच्या डोळ्यांत बघून उभं राहावं लागतं."

हेच ते वाक्य. खाटेवर पडलेल्या माणसाला मी हे बोलले. काकूंनी चहा आणला, मी तो घाईघाईनं प्याले आणि निघाले. उंबऱ्यातून मागं बघितलं तर तुमची मान दिसली, मानेवरचा तीळ दिसला. सर, मी चुकले. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. तुम्ही जिवंत असताना ते मला जमलं नाही आणि परवा तोंड समोर होतं तर ऐकायला तुम्ही नव्हतात.

काल परत तुमच्या घरी आले. सगळे उठून गेल्यावर मी काकूंजवळ बसून राहिले आणि त्यांना ते वाक्य सांगून टाकलं. वाटलं होतं, त्या रागावतील. काकू म्हणाल्या, "मला सांगितलं की त्यांनी. तुमी गेल्यावर लगेच सांगितलं. म्हणले, बाई बरोबर बोलल्या."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"नोकरीला लागले तवा लेकरांकडं तोंड करूनच बसायचे," काकू सांगू लागल्या. "कुठल्याशा शाळेत एक पोरगी वाचता येईना म्हणून रडायला लागली. तर हे तिच्यापरीस जास्त. समद्यांना पास करून आले आन घरी येऊन जेवले न्हाईत. म्हणले, मी लेकरांना फसवून आलो. तवापासून खुर्ची फिरवली. कुणी विचारलं की कपड्याचं सांगायचे. तुमी त्या झाडाखाली गोळ्याचा कागद वाचला ना, त्या दिवशी घरी येऊन डोळे पुसत बसले होते. मला म्हणले, धूळ गेली गाडीची."

म्हणजे मालगाडी गेली तेव्हा पलीकडं हे चाललं होतं. आणि मी दगडाचं काळीज म्हणाले होते. तोंड दिसलं की मार्क हलतात, हे तुम्ही खरंच सांगत होतात. फक्त हलायचे ते तुमच्या हातून, हे सांगितलं नव्हतंत. एवढं एक मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं सर? मी माझं लपवत होते, तुम्ही तुमचं लपवत होतात, आणि मधे ते लिंबाचं झाड.

आज सकाळी मी शाळेत गेले. हजेरी झाली. मी म्हणाले, "सगळ्यांनी फळ्याकडं पाठ करून बसा." लेकरांना वाटलं खेळ आहे. बस्करपट्ट्या फिरवून सगळी मागच्या भिंतीकडं तोंड करून बसली, पाण्याच्या माठाकडं. मी त्यांच्या मागं उभी राहिले. टेबलाला टेकले. आणि सांगितलं. मला वाचता येत नव्हतं. मी बाई झाले तरी येत नव्हतं. अप्पा सरांनी शिकवलं. सगळं सांगितलं, चष्म्याचंसुद्धा. कुणी हसलं नाही. एक-दोन जणांनी वळून बघायचा प्रयत्न केला, त्यांना मी तुमच्यासारखंच म्हणाले, आवाज तर तिकडं येतो की.

मग रेणुकेला म्हटलं, कपाटातल्या सातवीच्या पुस्तकातलं कुठलंही पान काढून दे. तिनं काढलं. मी ते आधी वाचलेलं नव्हतं. मी मोठ्यानं वाचलं, एका शब्दावर अडले, तो फोडला, पुढं गेले. "आता मला मार्क द्या," म्हणाले. लेकरांनी चिठ्ठ्या लिहिल्या. दहापैकी दहा, दहापैकी दहा, एकानं शंभर दिले. एका चिठ्ठीवर मार्क नव्हते. बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'पुन्हा ऐकू'. नाव नव्हतं, पण अक्षर मी ओळखते.

मी तोच उतारा पुन्हा वाचला. या वेळी अडले नाही.

लेकरं आपापल्या जागी वळली. रेणुका तेवढी उठून माझ्याजवळ आली, पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि खाली बघून म्हणाली, "मॅडम, आता तुमी तिकडं तोंड करा."

मी खुर्ची ओढली. भिंतीकडं फिरवली आणि बसले. समोर चुन्याचा पोपडा, एक खिळा, दुसरं काही नाही. तिनं श्वास घेतला आणि सोडला. परत घेतला, परत सोडला. माझा हात आपोआप कानामागं पेन्सिलीकडं गेला, तिथं पेन्सिल नव्हती. तिसऱ्यांदा श्वास घेतला आणि ती वाचू लागली. बारीक आवाजात, एकेक शब्द चाचपत. माझ्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, ते तिला दिसत नव्हतं, आणि ते दिसू नये म्हणून मी वळले नाही.

तिनं पहिलं वाक्य पूर्ण वाचलं, सर. मधे कुठंही थांबली नाही. वाक्य संपलं तिथंच तिनं श्वास घेतला.